मंडळाच्या कंप्युटरला न सापडणारं घर

मंडळी, आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, कौल, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचते, पण खरं सांगायचं तर जेवताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही दोघं हसतो. राग आला असेल तर माफ करा.

त्यात माझं कामच असं. मी एका कंपनीचे डेटाबेस सांभाळते. कोणाची तरी माहिती हरवते, शोधून सापडत नाही, मग ते लोक मला फोन करून ओरडतात आणि मी ती शोधून देते. इतक्या वर्षांत "अमानवीय शक्ती" हे कारण एकदाही निघालेलं नाही. दर वेळी कुठल्यातरी माणसानेच माती खाल्लेली असते. म्हणून तर हे लिहिताना माझी चिडचिड होतेय. घाबरले असते तर बरं झालं असतं, निदान तुमच्यासारखा छान अनुभव तरी झाला असता. मी घाबरले नाही... मी वैतागले, आणि अजून वैतागलेलीच आहे.

माझं माहेर खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. सासर कर्जतला, कडावच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून गावकी पहिला जाब मलाच विचारेल. गावाला भाताची खाचरं आहेत, आणि जिथे खाचरं होती तिथे आता फार्महाऊसच्या भिंती आहेत. नवरा खालापूरला कंपनीत शिफ्टला जातो. मी घरून काम करते, म्हणजे गच्चीवर, कारण नेटवर्क फक्त तिथे येतं.

चैत्रात आमच्या देवीची जत्रा असते. सकाळी पालखी देवळातून निघते, प्रत्येक घराच्या दारात जाते आणि दिवेलागणीला परत येते. ती आळीने जात नाही, मानाने जाते. म्हणजे पहिला मान वरच्या आळीतल्या एका घराचा, दुसरा पार ओढ्याकडच्या घराचा, तिसरा पुन्हा वरच्या आळीत. कुरियरवाल्याला हा रस्ता दाखवला तर तो नोकरी सोडून जाईल. पण मान म्हणजे मान. त्यामुळे बदलापूर-खोपोलीहून जत्रेला आलेली माणसं आरतीचं ताट घेऊन सकाळपासून दारात ताटकळतात आणि मंडळाच्या नावाने बोटं मोडतात.

यावर उपाय म्हणून मंडळाने पनवेलच्या कुणा मुलाकडून एक प्रोग्रॅम करून घेतला होता. घरांची नावं मानाच्या क्रमाने भरायची. पालखी एका घरातून निघाली की बटण दाबायचं, पुढच्या घरांना मोबाईलवर मेसेज जातो — "देवीची पालखी लवकरच आपल्या दारी येत आहे." कल्पना चांगली होती. फक्त मेसेज यायचा तो असा: "????? ????? ???? ?????". आणि पनवेलचा मुलगा आता फोन उचलत नव्हता.

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे नवऱ्याचे चुलते, गावकीचे अध्यक्ष.

"सूनबाय, तू कंप्युटरवाली हायस ना? जरा बघ गं त्या डब्याला काय झालंय."

आता बघा हं. बायकांनी पालखीला खांदा द्यायचा नाही, हात लावायचा नाही, पुढे चालायचं नाही. पण पालखीचा कंप्युटर मात्र मीच दुरुस्त करायचा! पण गेले. सून आहे.

सभामंडपाच्या कोपऱ्यात तो जुना कंप्युटर. उघडला आणि लगेच कळलं. कंप्युटरची भाषेची सेटिंग, ज्याला लोकेल म्हणतात, ती इंग्रजी, तीही कुठल्यातरी परदेशातली. डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, एक, आणि प्रोग्रॅम त्याच्याशी बोलताना वापरत होता ती दुसरीच. अशा वेळी होतं काय, की "विष्णू" हे नाव प्रोग्रॅमकडून डेटाबेसकडे जाताना वाटेतच त्याची अक्षरं गळतात आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह उरतं. डेटाबेस बिचारा प्रामाणिक. तो म्हणतो, असा कोणी माझ्याकडे नाही. किंवा त्याहून वाईट... तेवढ्याच लांबीचं दुसरं एखादं नाव आधी असंच प्रश्नचिन्हं होऊन बसलेलं असेल, तर म्हणतो, हो आहे की! हा आजार जुना आहे. मी याची औषधं झोपेतही देऊ शकते.

सगळ्या सेटिंग एकसारख्या केल्या. मंडळाचा सेक्रेटरी दिलीप, म्हणजे नात्याने माझा दीर, त्याला शेजारी बसवून सगळी घरं नव्याने भरली. एकेक घर शोधून बघितलं. सगळी सापडली, शुद्ध मराठीत. एक सोडून.

विष्णूदादाचं घर.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल एक घर सापडलं नाही तर एवढं काय. विष्णूदादाचे वडील बाळाराम. पालखीच्या पुढच्या दांडीचा उजवा खांदा हा त्यांच्या घराचा मान. गावकीने गुरचरण जमिनीतून एका फार्महाऊसला रस्ता द्यायचं ठरवलं तेव्हा हा एकटा माणूस उलटा उभा राहिला, तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आला. गावकीने घर वाळीत टाकलं. दुकानात सामान नाही, लग्नात बोलावणं नाही, विहिरीवर कोणी बोलायचं नाही. पालखी त्यांच्या वळणाशी यायची, क्षणभर थांबायची आणि तोंड फिरवून पुढे जायची. मानाच्या क्रमात घराची जागा ठेवायची, पण दार टाळायचं, अशी आमच्याकडची रीत! दरवर्षी गावासमोर तोच अपमान नव्याने. बाळाराम त्यातच गेले. मयताला खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही. विष्णूदादाने खोपोलीहून सासरची माणसं आणि टेंपो बोलावला. हे सगळं मी लग्न होऊन यायच्या आधीचं. ऐकूनसुद्धा अंगाची लाही होते.

पुढे कायद्याचा धाक बसला, तालुक्याहून साहेब आले, समेट झाला. या वर्षी पालखी त्या दारात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जाणार होती. विष्णूदादाची बायको मंदा माझ्याच माहेरच्या बाजूची, म्हणून आमची गट्टी. ती महिनाभर आधीपासून भिंती सारवत होती. एकदा मला म्हणाली, "पालखी येईल गं. अण्णांनी शब्द दिलाय. पर मागं मान्सं येतील का? का चार भोई येऊन उभं ऱ्हातील नि जातील? तसं झालं ना, तर ह्ये म्हन्तात घर इकू नि खोपोलीला जाऊ. मेलेल्या बापाला अजून किती लाजवायचं?"

आणि माझा कंप्युटर म्हणत होता की असं घरच नाही.

बरं, नाही तर नाही, पुन्हा भरते. "विष्णू बाळाराम" असं टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली — "हे घर आधीपासून आहे." या पाट्या त्या पनवेलच्या मुलाने प्रोग्रॅममध्ये चित्रासारख्या चिकटवलेल्या होत्या, म्हणून तेवढ्या कायम स्वच्छ दिसायच्या. पुन्हा शोधलं. नाही. पुन्हा भरलं. "हे घर आधीपासून आहे."

मला हसू आलं. कारण हेही ओळखीचं दुखणं आहे. नवं नाव आत घेताना ते आधीच आहे का हे तपासणारी यादी, म्हणजे अनुक्रमणिका, जुन्या सेटिंगमध्ये बांधलेली राहते आणि शोध मात्र नव्या सेटिंगने चालतो, की असंच होतं. ती पाडून नव्याने बांधली. विष्णूदादाचं घर सापडलं. दिलीपला म्हटलं, बघा, झालं. घरी येऊन शांत झोपले.

सकाळी पुन्हा गायब.

"दिलीप भावजी, कोणी हात लावला?"

"गावदेवीशप्पत वयनी, चावी माझ्या कमरंला. मी कशाला लावू हात?"

पुन्हा केलं. संध्याकाळी पुन्हा गायब. बॅकअपमधून आणलं, टिकलं नाही. नाव बदलून मंदाच्या नावाने भरलं... "हे घर आधीपासून आहे." नुसतं "अबक" टाकलं आणि विष्णूदादाचा मोबाईल नंबर दिला. तीच पाटी. तोपर्यंत माझं डोकं इतकं फिरलं होतं की घरच्या चहात मी मीठ टाकलं आणि नवऱ्याने तो मुकाट्याने प्यायला.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? "कंप्युटरला पन नको झालंय ते घर," असं कोणीतरी पाणवठ्यावर म्हणालं. कोणीतरी म्हणालं, देवीचीच इच्छा नाय. अण्णा माझ्यासमोर हळहळले, पण मला वाटलं, आतून त्यांना जरा बरंच वाटलं असावं. शब्दही पाळला नि दोषही यंत्राचा!

आणि मग मंदा आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"तुला कोनी सांगितलं काय तसं करायला?" तिने विचारलं.

"मंदे, वेडी आहेस का? अगं मशिनची गडबड आहे ती."

"मग समद्या गावात आमचंच घर कसं सापडत नाय गं मशिनीला?"

तेवढं विचारून ती गेली. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला, त्या कंप्युटरचा, पनवेलच्या मुलाचा, गावकीचा, सगळ्यांचा. मी ठरवलं, खड्ड्यात गेला प्रोग्रॅम. मंदाला मी स्वतः फोन करेन आणि विष्णूदादाच्या दारात मी स्वतः जाऊन उभी राहीन, एकटी असले तरी.

जत्रेचा दिवस. सकाळी सभामंडपात टेबलाशी बसले, पहिलं बटण दाबलं आणि पाच मिनिटांत पहिला फोन. "सूनबाय, काय पाठवलाय हे? नुसते प्रश्न!" सगळ्या सेटिंग आपोआप मागे गेल्या होत्या. त्याच परदेशी लोकेलवर. गावभर प्रश्नचिन्हं चालली होती. ढोल वाजतोय, गुलाल उडतोय, आणि मी एका हाताने सेटिंग बदलतेय, दुसऱ्या हाताने लोकांचे फोन घेतेय. बदललं की टिकत नव्हतं. शेवटी नाद सोडला आणि तशीच बटणं दाबत राहिले. लोकांनीही मार्ग काढला. प्रश्नचिन्हं आली की ताट घेऊन उभं राहायचं!

दुपारी भर उन्हात वीज गेली. आमच्याकडे जाते. कंप्युटर बंद. त्याला बॅटरी नाही, जनरेटर ढोलवाल्यांच्या स्पीकरला लावलेला. आता हे नीट लक्षात घ्या, कारण मी स्वतःला हे हजार वेळा सांगितलंय: कंप्युटर बंद होता. पडदा काळा होता. मी त्याच्यासमोर बसून हाताने वारा घेत होते.

पालखी विष्णूदादाच्या वळणाकडे निघाली. मी मंदाला फोन लावला, तो लागेना. म्हणून उठून चालायला लागले. पालखीबरोबर बघितलं तर भोई, ढोलवाला आणि गुलालाचं पोतं घेतलेला दिलीप, बाकी कोणी नाही. बाकीचे "जरा जेवून येतो" म्हणून पांगलेले. अण्णासुद्धा घरी गेले होते. मंदा म्हणाली होती अगदी तसंच. मला रडू यायला लागलं, म्हणजे रागाने.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. मेसेज. आणि फक्त माझा नाही. डावीकडच्या घरात एक वाजला, पलीकडच्या ओटीवर एक, मागच्या आळीतून दोन-तीन. मी उघडला. मंडळाच्याच नावाने होता. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

"पालखी बाळारामच्या दारात हाय. समदे या."

मी तिथेच थबकले. आमच्या मेसेजचं वाक्य ठरलेलं होतं, देवीची पालखी लवकरच वगैरे, छापील. हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. असं, बोलतात तसं, आमच्या मंडळात कोणी लिहीत नाही. आणि त्या घराला आता कोणी बाळारामचं घर म्हणत नाही.

दारं उघडायला लागली. लोक फोन हातात धरून बाहेर आले, एकमेकांकडे बघायला लागले. तुला आला? मला पन आला. आपल्याला एकट्यालाच बोलावलं असतं तर कोणी हललं नसतं, हे मी पैजेवर सांगते. पण सगळ्यांनाच आलाय म्हटल्यावर, आणि शेजारचा चप्पल घालतोय म्हटल्यावर, आपणच कसं मागे राहायचं? आळीच्या आळी चालायला लागल्या. अर्ध्या जेवणातून उठलेली माणसं, हात धुवायचेही राहिलेले. अण्णा सदऱ्याची बटणं लावत आले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू धाडलास?"

"नाही अण्णा. मला वाटलं तुम्ही."

"मी? मला मिस कॉल देता येत नाय गं बाय."

विष्णूदादाच्या अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. मंदा ओटीचं ताट घेऊन दारात आली आणि एवढा गाव बघून तिला पाऊलच पुढे टाकवेना. समेट झालेला असला तरी त्या दारात पहिला शब्द काय बोलायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग पुढच्या दांडीचा उजवा भोई नुसता बाजूला झाला. विष्णूदादा जिन्याजवळ उभा होता, तो आला आणि त्याने बापाच्या जागी खांदा लावला. अण्णांनी खाली बघितलं. मंदाने ओवाळलं. मधेच निरांजन विझलं, आणि शेजारच्या घरातल्या बाईने, जी कित्येक वर्षं मंदाशी एक शब्दही बोलली नव्हती, पुढे होऊन ते पुन्हा लावून दिलं.

मी भोकाड पसरून रडले. लपवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सकाळचे मेसेज अडकून राहिले असतील, ते मागाहून सुटले. मीही तेच म्हटलं. दुसऱ्याच दिवशी तपासायला बसले. प्रोग्रॅमच्या नोंदीत तो मेसेज नाही. ज्या कंपनीमार्फत मेसेज जातात तिला विचारलं. त्यांनी सांगितलं, वीज गेल्यानंतर तुमच्याकडून काहीही आलेलं नाही. बरं, आमच्याकडून गेलाच असता तर प्रश्नचिन्हं व्हायला हवी होती, त्या दिवशी तो डबा दुसरं काही पाठवूच शकत नव्हता. दिलीपने केलं म्हणावं तर त्याच्या हातात तेव्हा गुलालाचं पोतं होतं. कोणी खोडसाळपणे केलं म्हणावं तर मंडळाच्या नावाने पाठवायची सोय कोणाकडे नव्हती, आणि गावात एवढा भला खोडसाळ माणूस मला तरी माहीत नाही.

मी हट्टाला पेटले. माझा जुना लॅपटॉप मंडळाला दिला. प्रोग्रॅम तोच, पण डेटाबेस नवा कोरा, सगळ्या सेटिंग एकसारख्या, जुन्या डेटाबेसमधलं एक अक्षर आणलं नाही. मंदा आणि विष्णूदादा शेजारी बसले होते, चहा घेऊन. अजून एकही घर भरलेलं नव्हतं. म्हटलं, पहिलं तुमचंच भरू.

आधी शोधून दाखवलं. काहीच नाही. बरोबर, डेटाबेस रिकामाच होता.

मग "विष्णू बाळाराम" टाकलं आणि बटण दाबलं.

"हे घर आधीपासून आहे."

मी टेबलावर हात आपटला. कोऱ्या डेटाबेसमध्ये! अहो, काहीच नाहीये आत! मी तावातावाने दोघांना समजावून सांगायला लागले की हे शक्य नाही, अनुक्रमणिका रिकामी आहे, लोकेल तपासलंय, एन्कोडिंग तपासलंय... विष्णूदादा ऐकत नव्हता. तो पडद्यावरची ती पाटी वाचत होता. पुन्हा वाचत होता.

"वयनी," तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. नका नीट करू."

"अहो दादा, पण पुढच्या वर्षी मेसेज कसा जाईल तुम्हाला?"

"मेसेज कशाला? मी पालखीखालीच असनार ना." मग पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "बाबाला गावकीत उभा केलेला ना, तवा समदे विचारत होते, तू गावाचा का गावाभायेरचा. तो येकच बोलला. आमी कवापासनं हितंच हाव."

मंदाने पदराने डोळे पुसले आणि माझा गार झालेला चहा गरम करून आणायला उठली.

मंडळी, कोणाला कारण माहीत असेल तर सांगा. डेटाबेसवाले कोणी असाल तर जरूर सांगा, मी वाद घालायला तयार आहे. मला भूतबीत मान्य नाही आणि हे मला पटतही नाही. पण त्या लॅपटॉपमधलं ते एक दुखणं मी अजून नीट केलेलं नाही. बाकीची सगळी घरं भरली, ती मुकाट्याने भरली गेली, शोधली की सापडतात. त्या एका घराचं मात्र विचारलं की तो नाही म्हणतो, आणि नव्याने भरायला गेलं की सांगतो, आधीपासून आहे.